पुणे मध्ये मराठी

'तुम्ही पुणे मध्ये सर्वोत्तम गृहकर्ज शोधत आहात का? मग तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आला आहात. या लेखात आपण पुणे मध्ये सर्वोत्तम गृहकर्ज कसे मिळवावे याविषयी संपूर्ण माहिती पाहणार आहोत. चला तर मग, जाणून घेऊया!'

हा उतारा मी नमुना म्हणून रचला आहे. अस्सल हवे असतील तर फोनवर मराठीत कर्ज, विमा, केस गळणं, वजन घटवणं यांपैकी काहीही शोधावं. दोन मिनिटांत असे डझनभर उतारे हाती लागतील. चार वर्षांचं मराठी मूल 'पुण्यात' म्हणतं, नाहीतर 'पुण्यामध्ये' म्हणतं. सामान्यरूप ही संज्ञा त्याच्या कानावर आलेली नसते, पण 'पुणे'चं 'पुण्या' होतं हे त्याच्या जिभेला ठाऊक असतं. जी चूक मूल करत नाही ती पगारी लेखक आणि पदवीधर संपादक पानोपानी कशी करतात?

अज्ञानामुळे करतात असं मानणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. त्यांना तसं लिहायला सांगितलेलं असतं. वेबसाइटसाठी मराठी मजकूर लिहायचं काम घेतलं की सोबत एक तक्ता येतो. शब्दसंख्या ८००. मुख्य कीवर्ड ८ वेळा. पहिल्या १०० शब्दांत एकदा, दोन उपशीर्षकांत, शेवटच्या परिच्छेदात एकदा. आणि तळाशी ठळक अक्षरांत: कीवर्ड जसाच्या तसा वापरावा. मी भाषांतर करून पोट भरते, त्यामुळे असे तक्ते माझ्याकडेही येतात. एकदा 'पुणे मध्ये'च्या जागी 'पुण्यात' लिहून पाठवलं, तर मजकूर 'कीवर्ड मिसिंग' असा शेरा मारून परत आला. शेरा मारणारी व्यक्ती मराठीच होती. घरी तीही 'पुण्यात'च म्हणत असणार. पण तिच्यासमोर एक सॉफ्टवेअर होतं, त्यात आठ हिरवे दिवे लागायला हवे होते आणि सातच लागले होते.

'आम्ही काय करणार, गूगलला हेच लागतं,' असं यावर सांगितलं जातं. या एका वाक्याच्या आडोशाने मराठीची जेवढी मोडतोड झाली आहे तेवढी रस्त्यावरच्या कुठल्याही पाटीने केलेली नाही. म्हणून हे वाक्य एकदा तपासून पाहू.

पानाच्या कोडमध्ये कीवर्डांची यादी भरायची एक जुनी जागा असते. क्रमवारी ठरवताना आपण ती विचारात घेत नाही, असं गूगलने २००९ साली जाहीर केलं. २०११ साली आलेल्या 'पांडा' या बदलाचा रोख पोकळ, पातळ मजकुराच्या पानांवर होता. २०१९ साली वाक्यातला शब्द आजूबाजूच्या शब्दांच्या संदर्भाने समजून घेणारं 'बर्ट' हे तंत्र शोधात आलं आणि त्याच वर्षाअखेर सत्तरहून अधिक भाषांना लागू झालं. अमुक शब्दसंख्येचा लेख आम्हाला आवडतो हा गैरसमज आहे, असं कंपनीच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. पानात कीवर्ड कोंबणं तिच्या नियमावलीत स्पॅम म्हणून नोंदलेलं आहे. मार्च २०२४ पासून, वाचकाच्या उपयोगाचा विचार न करता यंत्राने घाऊक मजकूर पाडून किंवा भाषांतरित करून पानं वाढवणंही त्याच सदरात मोडतं. म्हणजे गूगल जे करू नका म्हणतं ते गूगलच्याच नावाने मराठीत चालू आहे. देवाला बळी नको असतो. पुजाऱ्याला हवा असतो.

दुसरी बाजूही मांडते, कारण ती पूर्ण खोटी नाही. शब्दाशी शब्द जुळवून पाहण्याचा भाग शोधात आजही आहे. इंग्रजीवर जेवढी मेहनत झाली तेवढी मराठीवर झालेली नाही. 'पुण्यात', 'पुण्याच्या', 'पुण्याहून' ही सगळी 'पुणे'चीच रूपं आहेत हे ओळखणं यंत्राला 'लोन' आणि 'लोन्स' जुळवण्याइतकं सोपं नाही. म्हणून मूळ शब्द पानावर कुठेतरी असावा, हा सल्ला रास्त आहे. पण त्यासाठी वाक्य मोडावं लागत नाही. मराठीत प्रथमेचं रूप येण्याच्या जागा भरपूर आहेत. 'गृहकर्ज घेण्यापूर्वी: पुणे आणि परिसरातील खरेदीदारांसाठी' या शीर्षकात दोन्ही शब्द मूळ रूपात आले आणि व्याकरणाला कुठे खरचटलं नाही. शीर्षकात एकदा, वर्णनात एकदा, मजकुरात जिथे आपसूक येईल तिथे, आणि बाकी सगळीकडे भाषा मागेल ते रूप. यात अवघड काही नाही. वाक्य जुळवायला पाच मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

ही खोड आली कुठून तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत 'इन' वेगळं राहतं आणि शहराचं नाव अभंग राहतं. हिंदीत 'पुणे में' असं दोन तुकड्यांत लिहिता येतं. बहुतेक तक्ते इंग्रजीत तयार होतात, मग हिंदीत जातात, आणि हिंदीच्या साच्यात मराठी ओतली जाते. 'में'च्या जागी 'मध्ये' टाकलं की काम झालं. लिपी एकच असल्यामुळे हा सांधा डोळ्याला खुपतही नाही. पुढे 'आपल्या साठी', 'घरा मध्ये', 'मुलां ना' असे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सुटी पडत जातात.

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. या नियतकालिकाच्या इतर विभागांतल्या वाचकांना ते ओळखीचं वाटेल. तमिळमध्ये 'चेन्नै'चं 'चेन्नैयिल' होतं, कन्नडमध्ये 'बेंगळूरु'चं 'बेंगळूरिनल्लि' होतं. ज्या भाषांचा सगळा कारभार शब्दाच्या शेपटाकडे चालतो त्यांना, शब्दाला शेपूटच नको म्हणणारा तक्ता देणं म्हणजे पाय बांधून चालायला सांगणं. भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शकांनी ही गोष्ट पहिल्या पानावर सांगायला हवी होती.

आता पैशाविषयी. हा धंदा दर शब्दावर चालतो. लेखकाला माहितीचे नव्हे, लांबीचे पैसे मिळतात, म्हणून 'चला तर मग' जन्माला येतं. एखाद्या गावातल्या बाईचा नवरा वारला आहे आणि सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करायची ते ती फोनवर शोधते आहे. तिला तीन-चार गोष्टी हव्या आहेत: अर्ज तलाठ्याकडे करायचा, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, नाती द्यायची, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्यायची. हे साठ शब्दांत सांगून होतं. तक्त्यात मात्र ८०० शब्द असतात. मग तिला आधी 'शेतजमीन ही आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे' हे वाचावं लागतं, मग सातबाऱ्याचं महत्त्व, मग सातबाऱ्याचे फायदे. तलाठी अकराव्या परिच्छेदात भेटतो, तोही दोन जाहिरातींच्या मध्ये. या मजकुरात व्याकरणाची एकही चूक नसली तरी मी त्याला वाईट मराठी म्हणेन. समोरच्या माणसाची गरज बाजूला सारून जी भाषा नुसती लांबत जाते ती भ्रष्टच.

हल्ली हे ८०० शब्दही माणूस लिहीत नाही. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी २०१३ साली आली. आता मजकूर लिहिणारी यंत्रं आली आहेत आणि लेखकाला 'फक्त नजरेखालून घाला' असं सांगून निम्म्याहून कमी दर दिला जातो. मुख्यपृष्ठाच्या जागी 'घर' आणि तिकीट आरक्षणाच्या बटणावर 'आता पुस्तक' असं लिहिलेल्या वेबसाइट मी पाहिल्या आहेत. ही चूक हसून सोडता येते. औषधाच्या पानावर 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांची अदलाबदल झाली तर हसता येणार नाही. आणि ती कुणी केली हे कळणारही नाही, कारण पानावर लेखकाचं नाव नाही, भाषांतरकाराचं नाही, तपासणाऱ्याचं नाही, तारीखही नाही.

निनावीपणाचा हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीच्या सावलीत घडलेली मराठी आपल्याला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींच्या देखरेखीखाली शालेय आणि सरकारी भाषांतरं झाली. मराठीतली विरामचिन्हं रुळली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली ती मराठीच्या तेव्हाच्या स्थितीवर बोट ठेवूनच. त्या वादात कुणाची बाजू बरोबर होती हे क्षणभर बाजूला ठेवू. वाद होऊ शकला, कारण दोन्हीकडे नावं होती. कुणीतरी एक पद्धत स्वीकारली होती आणि तिचं उत्तरदायित्व त्याच्याकडे होतं. आज भांडायला समोर कुणी नाही. कंपनी एजन्सीकडे बोट दाखवते, एजन्सी सॉफ्टवेअरकडे, आणि सॉफ्टवेअरला तोंड नाही.

आतापर्यंत बाजारावर टीका केली. ती आपल्या वाचकांना आवडली असेल. आता आपल्याकडे वळते.

चांगलं मराठी वेबवर दिसत नाही याचं निम्मं कारण असं की आपण ते तिथे दिसू देत नाही. आपल्या कित्येक नियतकालिकांच्या वेबसाइटवर मुखपृष्ठाचं चित्र, वर्गणीचा दर आणि फोन नंबर एवढंच असतं. अंक ठेवला तर स्कॅन करून, चित्राच्या रूपात. कविता पोस्टरवर छापून व्हॉट्सॲपवर फिरवली जाते. जुने अंक ज्या फॉन्टांत बसवले त्यांत 'म'च्या जागी प्रत्यक्षात एखादं रोमन चिन्ह साठवलेलं असतं. फॉन्ट काढला की उरतो तो निव्वळ कचरा, आणि सर्च इंजिनला तेवढाच दिसतो. युनिकोड संघटना १९९१ साली स्थापन झाली. इतक्या वर्षांनंतरही 'आमचं डीटीपीचं काम जुन्याच फॉन्टात चालतं' हे उत्तर ऐकू येतं. आपण दार लावून घेतलं, आणि मोकळ्या अंगणात 'पुणे मध्ये'चा बाजार भरला. एसईओ हा शब्द उच्चारताना नाक मुरडणाऱ्या प्रत्येक साहित्यिकाने स्वतःच्या पुस्तकाचं नाव एकदा फोनवर शोधून पाहावं.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश आज वेबवर युनिकोड मजकुराच्या रूपात खुला आहे. त्याच्या नोंदी कुठल्याही कीवर्डच्या तक्त्यावरून लिहिलेल्या नाहीत, तरी कितीतरी विषयांवर मराठीत काही शोधलं की त्या समोर येतात. विषय नेमका, शीर्षक सरळ, मजकूर जाणकाराचा, खाली नाव. चांगल्या वेबलेखनाच्या शिबिरात दुसरं काय शिकवणार?

वेबची गरज कुणाला अधिक आहे, याचाही विचार व्हावा. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते. त्यांतले पन्नास लाखांहून अधिक महाराष्ट्राबाहेरचे. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या मुलाच्या शाळेत मराठी असेलच असं नाही, कोपऱ्यावर मराठी पुस्तकांचं दुकान तर नाहीच. त्याची मराठी घरात ऐकलेली आणि फोनवर वाचलेली. दादरला राहणारा माणूस 'पुणे मध्ये' वाचून हसेल आणि पुढे जाईल, कारण त्याच्या कानात रोज 'पुण्यात' पडतं. या मुलासाठी छापील मराठी म्हणजेच ते पान. आणि त्याच्यासारखीच आणखी एक विद्यार्थिनी आहे: वेबवरच्या मजकुरावर शिकणारी यंत्रं. त्यांना आपण जे वाचायला ठेवू तेच ती उद्या परत वाढतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेच्या सप्तमीला तक्त्यातल्या एका रकान्याने गिळावं, यावर मात्र कुठे ठराव झालेला ऐकला नाही.

ठरावांनी काही होतही नाही. कामाच्या काही गोष्टी सांगते. यांतल्या बहुतेकींना पैसा लागत नाही.

पहिली, पानाची भाषा जाहीर करा. एचटीएमएलच्या पहिल्याच ओळीत भाषेचा संकेत लिहायचा असतो. मराठीसाठी तो 'एमआर'. कितीतरी मराठी वेबसाइटवर तिथे इंग्रजीचा किंवा हिंदीचा संकेत तसाच राहिलेला असतो. त्यामुळे दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू लागतं. शिवाय काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं ठेवलेली असतात, पण भाषा मराठी आहे असं पानाने सांगितलं तरच ती उमटतात. आपला 'ल' हिंदी वळणाचा का दिसतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आधी ही ओळ तपासावी.

दुसरी, देवनागरीला देवनागरीसारखं वागवा. शीर्षकातल्या अक्षरांमध्ये अंतर सोडण्याची इंग्रजी मांडणीतली हौस मराठीत शिरोरेषा तोडते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेल्या 'मुक्ता' आणि 'बालू'सारखे चांगले फॉन्ट फुकट उपलब्ध आहेत.

तिसरी, अक्षरांच्या नोंदीत शिस्त ठेवा. 'ॲ' हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं; त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवलं जाई. दोन्ही दिसायला सारखी, यंत्राच्या लेखी वेगळी. 'तऱ्हा'मधला अर्धा 'र'ही दोन प्रकारे टंकता येतो. एका वेबसाइटवर एकच पद्धत ठरवा, नाहीतर तुमच्याच शोधपेटीला तुमचाच लेख सापडणार नाही.

चौथी, पानाचा पत्ता आटोपशीर ठेवा. पत्त्यात देवनागरी लिहिली तर संकेतांत रूपांतर होताना एकेका चिन्हाची नऊ चिन्हं होतात. पाच चिन्हांचा शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होतो आणि दुसरीकडे चिकटवताना तुटतो. रोमन लिपीतला छोटा पत्ता चालेल. मराठी शीर्षकात हवी. तिथे ती वाचकाला दिसते.

पाचवी, चित्राला पर्यायी मजकूर मराठीत द्या, आणि कविता, लेख, भाषणं मजकूर म्हणून ठेवा. पोस्टर खुशाल करा, पण खाली ओळी टंकून द्या.

सहावी, विषय लोकांच्या शब्दांत मांडा. लोक 'केशगळती निवारण' शोधत नाहीत, 'केस का गळतात' असं विचारतात. कीवर्ड या कल्पनेत खरोखर शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच: वाचक कोणत्या शब्दांनी विचार करतो ते ऐका. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही याला 'ग्रहण' वगैरे म्हणत होतो. बाजाराने ते ऐकणं टाकून दिलं आणि मोजणं तेवढं ठेवलं.

आणि शेवटची गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी. तक्ता नाकारायची ऐपत प्रत्येकाची नसते, हे मला चांगलं माहीत आहे. माझीही नेहमी नसते. पण करारात एक ओळ घालायची ऐपत आपल्या सगळ्यांची आहे, आणि पुष्कळांनी मिळून घातली तर ती टिकेलही. माझ्या करारात मी ती घालते. एका ग्राहकाने त्यावरून काम काढून घेतलं, दोघांनी 'हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं' म्हणत सही केली. ओळ अशी आहे: 'दिलेल्या कीवर्डना मराठी व्याकरणानुसार विभक्ती लावण्याचा अधिकार लेखकाचा राहील, आणि मजकुराखाली लेखकाचं किंवा भाषांतरकाराचं नाव छापलं जाईल.'

ज्याला हवी त्याने ती जशीच्या तशी उचलावी.